मासा धरण्याची रीत

जबलपूर शहराच्या दक्षिणेस नर्मदेच्या उजव्या तीरावर ग्वारीघाट आहे. कोणी त्यास गौरीघाट असेही म्हणतात. सन १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही एकाच प्रांतातील नगरे होती, आणि गोंदियाकडून येणारी छोटी रेल्वे २०१५ पर्यंत ग्वारीघाटाच्या स्थानकावर थांबत असे; म्हणून विदर्भातील जुन्या पिढीच्या कानांना हे नाव परके नाही. सायंकाळी या घाटावर नदीची आरती होते, दिवे पाण्यावर सोडले जातात, आणि आलेली माणसे कणकेच्या गोळ्या व लाह्या माशांना घालतात. त्याच नदीवर, घाटापासून थोड्या अंतरावर, केवट आणि ढीमर समाजातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकीत आली आहेत. एक हात माशाला अन्न देतो, दुसरा हात त्याच माशाला अन्न म्हणून धरतो. या दोहोंपैकी पहिला हात पुण्यवान आणि दुसरा पापी, असे नदीकाठचा कोणताही विचारी माणूस म्हणणार नाही. दोघेही नदीचेच.

मासे खावेत की खाऊ नयेत, हा वाद आज आपणांसमोर मांडावयाचा नाही. तो वाद थोर आहे, आणि न खाणाऱ्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचा निकाल आपापल्या स्वयंपाकघरात केव्हाच लावून टाकलेला असतो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मासा धरणे योग्य आहे असे क्षणभर गृहीत धरले, तर तो कसा धरला याला काही नैतिक मोल आहे काय? गळाने धरला, जाळ्याने धरला, विषाने वा सुरुंगाने मारला. शेवटी तो टोपलीतच जातो. मग रीतीचा विचार हा केवळ कायद्याचा आणि कौशल्याचा विषय मानावा, की तो सद्सद्विवेकाचाही विषय आहे?

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी मिशा असलेल्या, अंगावर खवले नसलेल्या माशांचे उदाहरण फार उपयोगी पडते. इंग्रजीत त्यांना कॅटफिश म्हणतात. नर्मदेत त्यांच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी नर्मदाकाठी जिला पढिन म्हणतात ती जात मोठी, दातांची आणि शिकारी वृत्तीची आहे. युरोपातील नद्यांत, डॅन्यूबपासून व्होल्गापर्यंत, वेल्स नावाचा जो प्रचंड मासा राहतो, तो या पढिनच्याच कुळातला. तो दोन मीटरांहून अधिक वाढतो आणि दीर्घायुषी असतो. इटलीच्या पो नदीत २०२३ मध्ये सापडलेल्या एका माशाची लांबी २८५ सेंटिमीटर भरली. एवढे मोठे जनावर पाण्यातून बाहेर कसे काढावे, यासाठी माणसाने नाना युक्त्या केल्या आहेत, आणि त्या युक्त्यांतून माणसाच्या मनाचा इतिहास वाचता येतो.

इलियन नावाचा रोमन ग्रंथकार सुमारे अठराशे वर्षांपूर्वी डॅन्यूबकाठची एक रीत सांगतो. तेथील कोळी बैलांची जोडी नदीवर घेऊन जाई. नांगरटीसाठी नव्हे, तर जोखडाला दोर बांधून मासा ओढण्यासाठी. दोराच्या टोकाला भक्कम गळ आणि गळाला बैलाचे भाजलेले फुप्फुस. मासा अडकला की बैलांना हाकीत नदीपासून दूर न्यावयाचे. पाण्यातले बळ आणि जमिनीवरचे बळ यांची ओढाताण होई, आणि बैल जिंकत. या वर्णनात क्रीडेचा वास नाही. तेथे एक शेतकरी आहे, त्याचे रोजचे बैल आहेत, आणि पुष्कळ दिवस पुरेल असे अन्न आहे.

पुढे हंगेरीत, तिसा आणि डॅन्यूब या नद्यांवर, लाकडाचे एक लहानसे अवजार प्रचारात आले. नावेत बसून ते ठराविक लयीने पाण्यावर मारले की ‘गुळुक्‌’ असा खोल आवाज निघतो, आणि तळाशी पहुडलेला वेल्स वर येतो. तो का येतो, याविषयी जाणकारांत एकमत नाही. पण येतो खरा, आणि वर आला की समोर आमिष असते. आणखी एक रीत अशी की, नदीच्या मधोमध नांगरलेल्या तरंड्याला दोरी बांधून जिवंत मासा आमिष म्हणून पाण्यात तडफडत ठेवावयाचा. स्पेनमधील एब्रो नदीत माशांच्या तेलात भिजवलेल्या खाद्याच्या गोळ्या तळाशी पेरून त्यांच्या वासाने वेल्सला बोलावण्याची पद्धत रूढ आहे. कारण या माशाच्या मिशांवरच नव्हे, तर सर्वांगावर चव ओळखण्याची शक्ती असते. तेथे दूरदेशींहून माणसे केवळ एवढ्यासाठी येतात. मासा धरतात, त्याच्यासह छायाचित्र काढून घेतात आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडून देतात.

येथे, वाचकहो, एक विलक्षण मतभेद उभा राहतो. पुष्कळ हौशी गळकऱ्यांना वाटते की, मासा सोडून देणे ही दया आहे. त्याला मारून खाणे हे मागासलेपण. जर्मनीच्या कायद्याची दृष्टी याच्या अगदी उलट आहे. त्या देशाचा १९७२ चा प्राणिसंरक्षण कायदा म्हणतो की, सबळ कारणावाचून कोणत्याही प्राण्याला वेदना देऊ नये. अन्न हे सबळ कारण आहे. मौज हे नाही. स्वित्झर्लंडने तर २००९ पासून, मुळातच सोडून देण्याच्या हेतूने मासा धरण्यास मनाई केली आहे. तसेच जिवंत माशाला गळावर टोचून आमिष करण्यास जर्मनी आणि नेदरलँड्स या देशांत बंदी आहे, तर अन्यत्र ती रीत चालू आहे. म्हणजे एकाच खंडात, एकाच माशाविषयी, एकजण म्हणतो, ‘मारू नका म्हणून सोडा’. आणि दुसरा म्हणतो, ‘मारून खाणार नसाल तर धरूच नका.’

या दोघांत अधिक दयाळू कोण? वरवर पाहता सोडून देणारा. त्याच्या हाती रक्त नाही, मासा पुन्हा पोहत गेला. पण जरा माशाच्या बाजूने पाहा. ज्याला भूक नव्हती अशा माणसासाठी तो बराच वेळ जिवाच्या आकांताने झुंजला. २००३ मध्ये लिन स्नेडन या ब्रिटिश संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांभोवती इजा जाणणारे मज्जातंतू असल्याचे दाखविले. माशाला होणारे दुःख आपल्या दुःखासारखेच असते काय, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. तथापि, जो संशय दुसऱ्याच्या दुःखाविषयी आहे, त्याचा फायदा आपण आपल्या करमणुकीला द्यावा की त्या मुक्या जीवाला, हे ठरविण्यास फार विद्वत्ता लागत नाही. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे, त्याच्या गळाला एक उत्तर आहे. ज्याच्या घरी केवळ छायाचित्र लावायचे आहे, त्याच्या गळाला ते उत्तर नाही, मग त्याचे हात कितीही मऊ असोत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रीतीचा विचार करताना ‘मासा मेला की जगला’ एवढे एकच माप पुरत नाही. मला तीन प्रश्न विचारणे आवश्यक वाटते. पहिला, हे धरणे गरजेसाठी आहे की गमतीसाठी? दुसरा, जो धरला जातो त्याला, आणि जे विनाकारण सोबत धरले जातात त्यांना, किती क्लेश होतात? तिसरा, या रीतीनंतर नदीत काय उरते, आणि ते कोणासाठी उरते?

आता हे तीन प्रश्न घेऊन आपण पुन्हा नर्मदेवर येऊ. फेकजाळे, ज्याला कोकणात पाग म्हणतात, ते हाताने फेकावयाचे. त्याचा घेर लहान, त्यात श्रम फार, आणि मिळालेले लहान मासे जिवंत सोडून देता येतात. पाण्यात उभे सोडलेले, ज्यात माशांचे कल्ले अडकतात असे जाळे रात्रभर काम करते; पण त्याची आस, म्हणजे दोऱ्यांमधील चौकोन, मोठी असेल तर पिले त्यातून निसटून जातात. एका लांब दोरीला अंतराअंतरावर गळ बांधून तळाशी सोडण्याची रीत पढिनसारख्या माशांसाठी वापरतात. तीत मोठा मासाच बहुधा लागतो, मात्र तो लागल्यापासून दोरी ओढेपर्यंत तासन्‌तास अडकून पडतो. एकेका रीतीत असा गुण आणि दोष आहे. यांपैकी कोणतीही रीत वापरणारा माणूस नदीकडे उद्याही परत येण्याच्या हेतूने येतो.

याउलट मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे पाण्याबरोबर बोटुकलीसुद्धा गाळून घेते. आणि सुरुंगाची दारू, कीटकनाशक, वा पाण्यात सोडलेला विजेचा प्रवाह, या रीती तर जाळेच नव्हेत. त्या डोहात काय आहे हे पाहत नाहीत, लहान-मोठे ओळखीत नाहीत. स्फोटाने मेलेल्या माशांतील पुष्कळसे तळाशी बसतात आणि कोणाच्याही मुखात पडत नाहीत. विषाच्या पाण्यावर पुढे गुरे येतात आणि माणसेही. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने स्फोटके व विष यांनी मासे मारण्यास मनाई केली, ती या देशातील अशा जुन्या मनाईंपैकी एक होय. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ मासेमारीस बंद असतो, कारण पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मासे अंडी घालण्यास निघतात. कायदा आहे, पण रात्री डोहावर पहारा ठेवण्याएवढे शिपाई कोणत्याच राज्यापाशी नसतात. तेथे उरतो तो माणूस आणि त्याचे मन.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, ‘हे सारे विचार पोट भरलेल्यांचे आहेत. ज्याच्या घरी संध्याकाळची सोय नाही, त्याने जाळ्याची आस मोजावी काय? बंद हंगामाचे दोन महिने त्याच्या लेकरांनी काय खावे? तुम्ही त्याच्या हातातील मच्छरदाणी पाहता. त्याच्या हातात ती कोणी दिली हे पाहत नाही.’ या बोलण्यात सत्य आहे. नीतीचा उपदेश नेहमी खालच्या पायरीवरील माणसालाच करण्याची आपल्या समाजाला खोड आहे. पोलीस ज्याला धरतात तो चार किलो माशांचा धनी असतो. ज्याने नदीच बदलून टाकली त्याला कोणी धरीत नाही.

नदी बदलणे म्हणजे काय, हे ग्वारीघाटापासून फार दूर जाऊन पाहावे लागत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगास बरगी धरण आहे. ते १९९० मध्ये पूर्ण झाले, आणि त्यामुळे मंडला, सिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. धरणाने शेतांना पाणी आणि घरांना वीज दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण महाशीर हा नर्मदेचा मानाचा मासा पुराच्या वेळी प्रवाहाविरुद्ध चढून, वाहत्या स्वच्छ पाण्यातील गोट्यांवर अंडी घालतो. त्याची वाट भिंतीने अडली आणि त्याचे उथळ वाहते पाणी खोल संथ जलाशयाखाली गेले. मध्य प्रदेश शासनाने २०११ मध्ये महाशीरला राज्यमासा म्हणून गौरविले. ज्याचा मार्ग बंद केला, त्याला पदवी दिली! आपले तीन प्रश्न या भिंतीलाही विचारावयास हवेत. गरज होती काय? असेल. क्लेश कोणाला? आणि उरले काय व कोणासाठी? नाहीतर आपण जाळ्याची आस मोजीत बसू आणि भिंतीला मोजमापच लावणार नाही.

तरीही आक्षेपाचे उत्तर एवढ्याने पुरे होत नाही. दुसऱ्याने मोठा अन्याय केला म्हणून माझा लहान अन्याय न्याय्य ठरत नाही. आणि त्यातही तो कोणावर होतो हे पाहा. डोहात सुरुंग उडविणारा श्रीमंतांचे काही घेत नाही. तो घेतो आपल्याच शेजाऱ्याचे, खालच्या घाटावरील दुसऱ्या ढीमराचे, आणि आपल्या स्वतःच्या मुलाचे. म्हणून रीतीची नीती ही भरल्या पोटाची चैन आहे, हे म्हणणे मला उलटे वाटते. भरल्या पोटाला नदी रिकामी झाली तरी बाजार मोकळा आहे. ज्याला दुसरा बाजार नाही, त्यालाच ही नीती सर्वांत आधी हवी आहे.

हे गरिबांना समजत नाही असे समजणाऱ्यांनी तवा जलाशयाची हकिकत ऐकावी. तवा ही नर्मदेची उपनदी. तिच्यावरील धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींनी व मच्छीमारांनी संघर्ष करून १९९६ मध्ये तवा मत्स्य संघ स्थापिला आणि जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळविला. दहा वर्षे, २००६ च्या अखेरपर्यंत, तो हक्क त्यांच्याकडे होता. त्या काळात त्यांनी जलाशयात मत्स्यबीज सोडले, आणि बंद हंगामात चोरटी मासेमारी होऊ नये म्हणून स्वतः पहारा ठेवला. पुढे अभयारण्याच्या नियमांचे कारण देऊन तो हक्क संपविण्यात आला. बरगीच्या विस्थापितांच्या सहकारी संस्थांनाही १९९४ मध्ये तसा हक्क मिळाला होता. या अनुभवांतून मी एवढेच शिकतो की, पाणी आपले आहे असा भरवसा ज्याला मिळतो, तो आस मोठी ठेवतो. ज्याला उद्याचा भरवसाच नाही, तो आजच सारे गाळून नेतो. नीतीचा उपदेश करणाऱ्यावर म्हणूनच एक ऋण आहे; ज्याला संयम सांगावयाचा, त्याला उद्याचा दिवसही मिळवून द्यावा लागतो. बंद हंगामासाठी मच्छीमारांच्या बचतीत शासनाने भर घालण्याची योजना आहे, ती याच जाणिवेतून आली आहे.

आता एका वेगळ्या अडचणीकडे वळू. जो मासा आपल्याला नकोसा आहे, त्याच्याशी कसे वागावे? मिशांच्या माशांच्या वाट्याला हा तिरस्कार फार आला आहे. लेवीय या पुस्तकातील नियमाप्रमाणे ज्याला खवले नाहीत तो मासा यहूदी माणसाने खावयाचा नाही. गालीलच्या समुद्रात असा एक मासा आजही आहे. पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफ याने कफर्णहूमजवळच्या झऱ्यात, नाईलच्या माशांसारखा एक मासा होतो असे लिहिले आहे. पुष्कळ अभ्यासक तो हाच मानतात. प्रभूने जाळ्याचा जो दाखला दिला, त्यात कोळी काठावर बसून चांगले भांड्यांत भरतात आणि वाईट टाकून देतात. त्या टाकलेल्यांत हा बिनखवल्याचा मासा असावा, असे भाष्यकार सांगतात.

गंमत अशी की, हीच जात आपल्या देशात ‘थाई मागूर’ या नावाने बदनाम आहे. ती मूळची आफ्रिकेची व पश्चिम आशियाची. येथे आणली गेली ती लवकर वाढते आणि स्वस्त पडते म्हणून. ती देशी माशांना खाऊन टाकते, या कारणाने केंद्र शासनाने २००० मध्ये तिच्या पैदाशीवर बंदी घातली, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने असे साठे नष्ट करण्यास सांगितले. महाराष्ट्रातही तिची तळी उद्ध्वस्त करण्यात आली. युरोपातील एब्रो नदीचीही हीच कथा. वेल्स तेथला नव्हे. १९७४ मध्ये एका जर्मन अभ्यासकाने तो तेथे सोडला, आणि स्पेनने २०१३ मध्ये त्याला उपद्रवी परकीय जातींच्या यादीत घातले. फ्रान्समधील तार्न नदीत, जिथे तो असाच बाहेरून आला, तो काठावर पाणी पिणाऱ्या कबुतरांवर झडप घालतो, असे २०१२ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केले.

अशा माशाला नदीतून काढणे कर्तव्य ठरू शकते, हे मी मान्य करतो. नदीतील इतर शेकडो जिवांचाही आपल्यावर हक्क आहे. पण पाहा, त्याला आणले कोणी? मासा आपण होऊन समुद्र ओलांडून आला नाही. माणसाच्या लोभाने किंवा हौसेने तो आणला गेला, आणि आता त्याचे पाप त्याच्या मिशांना चिकटविले जाते. मारण्याचे कर्तव्य असले तरी छळण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. मागूर जातीच्या माशाला हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून पाण्याबाहेर काढल्यावर तो लवकर मरत नाही. बाजारात कोरड्या टोपलीत तो तासन्‌तास तळमळत असतो, आणि ‘मासा ताजा आहे’ म्हणून आपण समाधानाने पुढे होतो. एका घावाने त्याचा अंत करण्यास क्षणही लागत नाही. ज्या जीवाचा आपल्याला तिटकारा आहे, त्याच्याशी आपण कसे वागतो, यातच आपल्या दयेची खरी परीक्षा होते. सुंदर महाशीरवर दया करणे कोणालाही जमते.

शुभवर्तमानांचे वाचन करणाऱ्यास या विषयात परकेपणा वाटू नये. प्रभूच्या पहिल्या शिष्यांपैकी कित्येकांचे हात जाळ्याच्या दोऱ्यांनी घट्टे पडलेले होते. याकोब आणि योहान यांना पाचारण झाले तेव्हा ते जाळी नीट करीत होते. पेत्राने एकदा कराच्या नाण्यासाठी गळ टाकला, तो एका माशापुरता. आणि जेव्हा जाळी फाटू लागण्याएवढे मासे लागले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या नावेतील भागीदारांना खुणावून बोलाविले. हा लहानसा तपशील मला फार बोलका वाटतो. विपुलता आली तेव्हा पहिला विचार शेजारच्या नावेचा. रात्रभर कष्ट करून हाती काही न आलेली ती माणसे होती. त्यांना सारे एकट्याने ठेवून घेण्याचे निमित्त पुरेसे होते.

त्याच प्रसंगी पेत्राला सांगण्यात आले की, येथून पुढे तू माणसे धरशील. लूकच्या शुभवर्तमानात तेथे जे मूळ ग्रीक क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘जिवंत धरणे’ असा होतो. मासा धरणे आणि माणूस धरणे यांतील भेद त्या एका शब्दात आला आहे. येथे आमिष चालत नाही, आवाज करून भुलविणे चालत नाही, आणि संख्या मोजून छायाचित्र काढणे तर मुळीच शोभत नाही. जे सेवेच्या नावाने माणसांना आपल्याकडे ओढतात, मग ते धर्मात असोत, राजकारणात असोत वा व्यापारात, त्यांनी आपल्या हातातील अवजार कोणते आहे हे अधूनमधून उजेडात धरून पाहावे. माणूस आपल्याजवळ आल्यावर तो अधिक जिवंत झाला काय, एवढीच त्याची कसोटी.

शेवटचा प्रश्न आपणा सर्वांचा आहे, कारण आपल्यापैकी फार थोडे लोक स्वतः मासे धरतात. आपण विकत घेतो. आणि विकत घेणाऱ्याचा हातही त्या जाळ्याच्या दोरीला असतो, जरी तो ओला होत नसला. पावसाच्या पहिल्या महिन्यात गाभोळीने भरलेला नदीचा मासा स्वस्त मिळाला म्हणून आनंदाने घेताना, एक पिढी आपण तव्यावर ठेवीत आहोत हे ध्यानात येत नाही. बोटाएवढ्या पिलांची टोपली घेताना ती कोणत्या आसाच्या जाळ्यातून आली हे आपण विचारीत नाही. मासेवालीला एवढे विचारावे, ‘बाई, हा कोठला? कसा धरला?’ ती पहिल्या दिवशी हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर ती आपल्या पुरवठादाराला विचारील. आणि ज्याने मोठ्या आसाचे जाळे टाकून थोडे पण मोठे मासे आणले, त्याला दोन रुपये अधिक देण्याची आपली तयारी हवी. नाहीतर आपला विवेक त्याच्याच खर्चाने चालतो.

कोणी म्हणेल, एका माशासाठी एवढा ऊहापोह! ग्वारीघाटाच्या खाली तिलवाराघाटावर १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही अंश नर्मदेत विसर्जित झाला. त्या पुरुषाने आयुष्यभर एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगितली की, साधन आणि साध्य यांचे नाते बी आणि झाड यांच्यासारखे आहे. जसे पेराल तसेच उगवेल. मासा धरण्याच्या रीतीला हे तत्त्व अक्षरशः लागू पडते. सुरुंगाने मिळालेला मासा आणि फेकजाळ्याने मिळालेला मासा ताटात सारखे दिसतात, पण ते एक नव्हेत. एकाच्या मागे नदी उरते, दुसऱ्याच्या मागे रिकामा डोह. आणि माणूसही तसाच घडत जातो. जो रोज न पाहता मारतो, त्याची न पाहण्याची सवय नदीवरच थांबत नाही. ती घरी येते, कचेरीत जाते, मतपेटीपर्यंत पोहोचते.

म्हणून, वाचकहो, माझे उत्तर असे आहे. रीत ही कृतीच्या बाहेरची गोष्ट नव्हे. ती कृतीचेच शरीर आहे. ज्याला खरी गरज आहे त्याने धरावे, पण धरताना पाहावे. क्लेश कमी करावा, पिले सोडावीत, ऋतू पाळावा, शेजाऱ्याची नाव आठवावी. ज्याला गरज नाही त्याने आपल्या मौजेला दयेचे नाव देऊ नये. ज्यांच्या हाती भिंती बांधण्याची सत्ता आहे त्यांनी हेच प्रश्न स्वतःला अधिक कठोरपणे विचारावेत. आणि आपण, जे काठावर टोपली घेऊन उभे आहोत, त्यांनी निदान विचारावयास लाजू नये. पुढील आठवड्यात बाजारात जाल, तेव्हा हा एक प्रश्न सोबत न्या, आणि मिळालेले उत्तर घरी मुलांनाही सांगा.